काउंट फोल्के बर्नादोत : पांढऱ्या बसगाड्यांपासून यरुशलेमपर्यंत

दरवर्षी २९ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. १९४८ साली याच तारखेला राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने पॅलेस्टाईनमध्ये युद्धविरामाचे आवाहन केले आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी राष्ट्रसंघाच्या मध्यस्थाच्या हाताखाली लष्करी निरीक्षक देण्याचे ठरविले. राष्ट्रसंघाची ही पहिली शांतिमोहीम. हे मध्यस्थ होते स्वीडनचे काउंट फोल्के बर्नादोत. चार महिन्यांच्या आत त्यांना या कार्यासाठी प्राण द्यावे लागले.

युद्धग्रस्त प्रदेशात अन्न आणि औषधे पोहोचविणे हे सेवाभावी संस्थांचे काम आहे. परंतु रस्ते, पूल, वाहने आणि सुरक्षितता ही बहुधा सैन्याच्या हाती असते. मग सेवकांनी सैन्याची मदत घ्यावी काय? घेतल्यास आपली निःपक्षता कशी राखावी? आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो अत्याचारी असेल, तर त्याच्याशी बोलणी करावीत काय? हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. त्यांना बर्नादोत यांनी आपल्या हयातीत जी उत्तरे शोधली, त्यांतील यश आणि उणिवा दोन्ही आपल्या वाचकांनी जाणून घ्याव्यात असे आम्हांस वाटते.

राजघराण्यातील बालपण

फोल्के बर्नादोत यांचा जन्म २ जानेवारी १८९५ रोजी स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे खापरपणजोबा नेपोलियनच्या सैन्यातील फ्रेंच सरदार होते आणि पुढे स्वीडनच्या गादीवर बसले. फोल्के यांचे आजोबा ऑस्कर द्वितीय हे स्वीडनचे राजे होते. परंतु वडील प्रिन्स ऑस्कर यांनी राजघराण्याबाहेरील एब्बा मुंक या तरुणीशी १८८८ साली विवाह केला आणि त्यापायी गादीवरील आपला हक्क सोडला. हे दांपत्य लुथरन पंथाचे असून अत्यंत धर्मनिष्ठ होते. प्रार्थना, साधी राहणी आणि गरिबांची सेवा यांचे संस्कार फोल्के यांना घरातूनच मिळाले.

तरुणपणी त्यांनी घोडदळात प्रवेश केला आणि तेथे ते अधिकारी झाले. १९२८ साली त्यांचा विवाह एस्टेल मॅनव्हिल या अमेरिकन युवतीशी झाला. त्यांना चार पुत्र झाले, पण त्यांपैकी दोघांचा लहान वयातच मृत्यू झाला. १९३७ पासून त्यांनी स्वीडनमधील बालवीर चळवळीचे नेतृत्व केले. ते विद्वान नव्हते, कसलेले मुत्सद्दीही नव्हते. माणसांशी मोकळेपणाने बोलणे, कामाची नीट आखणी करणे आणि हाती घेतलेले काम नेटाने पुरे करणे हे त्यांचे गुण होते. लष्करी शिस्त आणि सेवावृत्ती यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता.

रेडक्रॉसच्या सेवेत

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. १९४३ साली बर्नादोत स्वीडिश रेडक्रॉसचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात गोथेनबर्ग बंदरात ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील जखमी व आजारी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली. एकमेकांशी प्राणपणाने लढणाऱ्या राष्ट्रांची जहाजे एकाच धक्क्याला लागली आणि हजारो अपंग सैनिक आपापल्या घरी परतले. या कामाची व्यवस्था पाहताना बर्नादोत एक गोष्ट शिकले. शत्रूंमध्ये विश्वास नसला, तरी वेळ, जागा, संख्या आणि खूण या चार गोष्टी आधी ठरवून त्या काटेकोरपणे पाळल्या, तर दयेचे काम होऊ शकते.

पांढऱ्या बसगाड्या

१९४५ च्या आरंभी जर्मनीचा पराभव समोर दिसत होता. नाझींच्या छळछावण्यांत नॉर्वे आणि डेन्मार्कचे हजारो नागरिक खितपत पडले होते. पराभवाच्या क्षणी या कैद्यांची कत्तल होईल अशी भीती होती. नॉर्वेचे मुत्सद्दी नील्स क्रिश्चन डिटलेफ यांनी त्यांच्या सुटकेसाठी स्वीडनकडे आग्रह धरला. त्यासाठी बर्नादोत फेब्रुवारीत बर्लिनला गेले आणि छळछावण्यांचा सर्वाधिकारी हाइनरिक हिमलर याला भेटले. लाखो निरपराध माणसांचे रक्त ज्याच्या हाताला लागले होते, त्याच्यासमोर बसून सौजन्याने बोलणे त्यांना भाग होते. हिमलरने सर्वांना सोडण्यास नकार दिला. पण स्कँडिनेव्हियन कैद्यांना हॅम्बुर्गजवळील नॉयएनगाम छावणीत एकत्र आणण्याची परवानगी त्याने दिली.

या कामासाठी लागणारी वाहने आणि माणसे रेडक्रॉसकडे नव्हती. ती स्वीडनच्या सैन्याकडे होती. सुमारे ३०० जणांची तुकडी उभी राहिली. तीत काही डॉक्टर व परिचारिका होत्या, बाकीचे बहुतेक सैन्यातून आलेले स्वयंसेवक. ३६ रुग्णवाहू बसगाड्या, १९ ट्रक आणि इतर लहान वाहने होती. युद्धाने उजाड झालेल्या जर्मनीत काही मिळणार नव्हते, म्हणून इंधन, अन्न आणि सुटे भागही सोबत न्यावे लागले. मात्र ही तुकडी लष्करी मोहीम म्हणून गेली नाही. ती रेडक्रॉसच्या चिन्हाखाली गेली. हवाई हल्ल्यांत वाहने लष्करी समजली जाऊ नयेत म्हणून ती पांढऱ्या रंगाने रंगविण्यात आली आणि त्यांच्या छतांवर व बाजूंवर मोठे लाल क्रूस काढण्यात आले. ब्रिटनला या प्रवासाची कल्पना देण्यात आली होती, पण सुरक्षिततेची हमी त्याने दिली नाही. पुढे एप्रिलच्या अखेरीस विमानांतून झालेल्या गोळीबारात सुटका झालेले काही कैदी आणि चालकही मृत्युमुखी पडले. नंतरच्या टप्प्यात डेन्मार्कची वाहने व कर्मचारी यांनी या कामाचा मोठा भार उचलला.

एक अवघड प्रसंग

या कथेतील एक प्रसंग आम्ही टाळू इच्छित नाही. मार्चच्या अखेरीस नॉयएनगाम छावणीत स्कँडिनेव्हियन कैद्यांसाठी जागा नव्हती. तेथील एका भागात इतर देशांचे मरणासन्न कैदी होते. त्यांत फ्रेंच, पोलिश, रशियन, डच व बेल्जियन होते. त्यांना दुसऱ्या छावण्यांत हलविले तरच जागा होईल, असे जर्मन अधिकाऱ्यांनी सांगितले आणि त्यासाठी पांढऱ्या बसगाड्याच मागितल्या. स्वीडिश तुकडीने ती मागणी मान्य केली. सुमारे २००० आजारी माणसे लाल क्रूसाच्या गाड्यांतून एका छळछावणीतून दुसऱ्या छळछावणीत नेण्यात आली. काही जण वाटेतच मरण पावले. स्वीडनमध्ये या घटनेची खुली चर्चा व्हायला अनेक वर्षे लागली. २००५ साली इतिहासकार इंग्रिड लोमफोर्स यांच्या पुस्तकाने ती पुन्हा लोकांसमोर आणली.

त्या तरुण चालकांपुढे कोणते पर्याय होते? नकार दिला असता, तर कदाचित सारी मोहीमच थांबली असती आणि हजारो कैदी मेले असते. होकार दिला, तर अत्याचाऱ्याचे काम त्यांच्या हातून घडणार होते. चांगला हेतू साधण्यासाठी वाईट कृत्य करू नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती सोपी नाही. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर सुरक्षित ठिकाणी बसून आम्ही त्यांचे न्यायाधीश होऊ इच्छित नाही. पण एवढे स्पष्ट म्हटले पाहिजे की, त्या मोहिमेचा आदेश केवळ आपल्या शेजारी देशबांधवांपुरता होता, आणि त्या मर्यादेची किंमत परक्या दुर्बलांनी मोजली. दयेला राष्ट्राची कुंपणे घातली, की कोणीतरी कुंपणाबाहेर उरतोच.

पुढच्या काही आठवड्यांत हे कुंपण मोडू लागले. एप्रिलच्या मध्यास थेरेझिएनश्टाट छावणीतून ४२३ स्कँडिनेव्हियन ज्यू बांधवांना बाहेर काढण्यात आले. एप्रिलच्या २० आणि २१ च्या दरम्यानच्या रात्री जागतिक ज्यू काँग्रेसचे नॉर्बर्ट मासूर स्वतःचा जीव धोक्यात घालून हिमलरला भेटले. त्यानंतर लगेच बर्नादोत यांनीही त्याची भेट घेतली. रावेन्सब्रुकच्या स्त्रियांच्या छावणीतून कोणत्याही राष्ट्राच्या स्त्रियांना नेण्यास आता संमती मिळाली. सुमारे ७००० स्त्रिया तेथून सुटल्या. त्यांत पोलंडच्या कॅथलिक स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, फ्रेंच होत्या आणि ज्यूही होत्या. स्वीडिश रेडक्रॉसच्या गणनेनुसार एकूण १५,३४५ जणांची सुटका झाली. त्यांपैकी ७,५५० स्कँडिनेव्हियाबाहेरचे होते. या यशाचे श्रेय एकट्या बर्नादोत यांना देणे योग्य नाही. डिटलेफ, मासूर, डेन्मार्कचे कर्मचारी आणि अनेक अनाम चालक व परिचारिका यांचाही त्यात वाटा आहे.

पवित्र भूमीत मध्यस्थ

१९४६ साली बर्नादोत स्वीडिश रेडक्रॉसचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनी त्यांच्यावर याहून कठीण जबाबदारी आली. १४ मे १९४८ रोजी ब्रिटिश राजवट संपत असताना इस्रायल राष्ट्राची घोषणा झाली आणि शेजारील अरब देशांची सैन्ये पॅलेस्टाईनमध्ये शिरली. २० मे रोजी राष्ट्रसंघाने बर्नादोत यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक केली. त्यांचे सहकारी म्हणून राष्ट्रसंघाचे अमेरिकन अधिकारी राल्फ बंच आले.

११ जून रोजी चार आठवड्यांचा युद्धविराम सुरू झाला. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी प्रथम बेल्जियम, फ्रान्स आणि अमेरिका या देशांचे लष्करी अधिकारी आले. ते गणवेशात होते, पण निःशस्त्र होते. त्यांच्या हाती राष्ट्रसंघाचा ध्वज, नकाशे आणि अहवालाची वही एवढीच साधने होती. बर्नादोत यांचे विमान पांढऱ्या रंगाचे होते. जर्मनीच्या रस्त्यांवर शिकलेला धडा ते विसरले नव्हते : मदत करणाऱ्याने लपून येऊ नये, त्याची ओळख दुरूनही पटली पाहिजे.

यरुशलेमचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. शहराच्या ज्यू भागाला वेढा पडला होता आणि तेथील लोकांना अन्नपाण्याची टंचाई भासत होती. अन्न जाऊ दिले, तर वेढा घालणाऱ्या पक्षाला तो शत्रूचा फायदा वाटणार. न जाऊ दिले, तर मुले उपाशी राहणार. यावर तोडगा असा काढण्यात आला : युद्धाची झळ बसलेल्या शहरांतील मदतकार्य आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या देखरेखीखाली व्हावे, आणि युद्धविराम संपताना शहरातील साठा तो सुरू झाला त्या वेळेपेक्षा फारसा जास्त वा कमी नसावा. म्हणजे लोकांनी जगावे, पण त्या धान्याच्या जोरावर कोणी युद्धाची तयारी करू नये. लाट्रूनमार्गे यरुशलेमला जाणाऱ्या ट्रकांची तपासणी निरीक्षक करीत. पुनरुत्थित प्रभूने भाकर मोडली ते अम्माऊस गाव परंपरेनुसार याच लाट्रूनच्या शेजारी मानले जाते. त्याच परिसरात लष्करी अधिकारी आता पिठाची पोती मोजत होते, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. दोन्ही पक्ष निरीक्षकांवर पक्षपाताचा आरोप करीत. यरुशलेमला पाणी पुरविणारे लाट्रूनचे पंपगृह ऑगस्ट महिन्यात सुरुंगाने उडविण्यात आले, आणि निःशस्त्र निरीक्षकांना ते थांबविता आले नाही. ६ जुलै रोजी एक फ्रेंच निरीक्षक ठार झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस गाझा येथे आणखी दोघांनी प्राण गमावले.

निर्वासितांची हाक

जुलैमध्ये युद्ध पुन्हा पेटले. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याचा उल्लेख आहे ते लोद आणि शेजारचे रामले या गावांतून हजारो अरब लोक, त्यांत अनेक ख्रिस्ती कुटुंबेही होती, भर उन्हात पूर्वेकडे हाकलले गेले. दुसऱ्या युद्धविरामानंतर बर्नादोत रामल्ला येथे गेले. युरोपातील निर्वासितांच्या अनेक छावण्या पाहिलेल्या या माणसाला तेथील दृश्य पाहून धक्का बसला. डोक्यावर छप्पर नाही, पाणी नाही, आणि हिवाळा दोन-तीन महिन्यांवर आलेला.

त्यांचे काम खरे म्हणजे राजकीय तडजोड घडविण्याचे होते. पण राजकीय तोडगा निघेपर्यंत निर्वासितांना थांबायला सांगणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी ऑस्ट्रेलियन डॉक्टर राफाएल सिलेन्टो यांच्या हाती मदतकार्य सोपविले. त्याचे केंद्र बैरुत येथे उघडण्यात आले. अनेक राष्ट्रांच्या सरकारांकडे त्यांनी धान्य, दूध, तंबू आणि कांबळी मागितली. राष्ट्रसंघाच्या बालकनिधीला हाक दिली. ऑगस्टच्या अखेरीस स्टॉकहोम येथे भरलेल्या रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तेथेही त्यांनी हा प्रश्न मांडला. याच परिषदेत जिनिव्हा करारांचे नवे मसुदे मान्य झाले; पुढच्या वर्षी, १९४९ साली, ते करार संमत झाले. युद्धकाळात सामान्य नागरिकांना संरक्षण देणारा चौथा करार त्यांतलाच.

१६ सप्टेंबर रोजी त्यांनी आपला अहवाल पूर्ण केला. त्यात सुमारे ३,६०,००० अरब आणि ७,००० ज्यू निर्वासितांना मदतीची गरज असल्याचे नमूद होते. दोन्ही समाजांच्या निर्वासितांची गणना एकाच अहवालात होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क असावा आणि यरुशलेम राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली राहावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सूचना दोन्ही पक्षांना पटल्या नाहीत. त्यांतील काही सूचना व्यवहार्य नव्हत्या, असे अनेक अभ्यासक मानतात.

यरुशलेममधील मृत्यू

दुसऱ्या दिवशी, शुक्रवार दिनांक १७ सप्टेंबर १९४८ रोजी, बर्नादोत यरुशलेमला आले. सायंकाळी त्यांच्या तीन मोटारी शहराच्या काटामोन भागातून जात असताना एका जीपने रस्ता अडविला. लेही नावाच्या ज्यू अतिरेकी गटाच्या हल्लेखोराने मोटारीच्या खिडकीतून गोळ्या झाडल्या. बर्नादोत आणि त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच निरीक्षक कर्नल आंद्रे सेरो हे दोघेही मृत्युमुखी पडले. सोबतच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, कर्नल सेरो यांच्या पत्नीची जर्मन छळछावणीतून सुटका बर्नादोत यांच्या प्रयत्नांमुळे झाली होती. त्याबद्दल स्वतः आभार मानता यावेत म्हणून ते त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले होते.

इस्रायल सरकारने त्या गटावर बंदी घातली, परंतु या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. ज्या माणसाच्या मोहिमेतून अनेक ज्यू बांधवांचेही प्राण वाचले होते, त्याला काही ज्यू तरुणांनीच शत्रू मानावे, ही या इतिहासातील वेदना आहे. यावरून कोणत्याही समाजाविषयी मनात द्वेष बाळगणे हा मात्र बर्नादोत यांच्या जीवनाचा अपमान ठरेल.

त्यांच्यानंतर

राल्फ बंच यांनी मध्यस्थीचे काम पुढे नेले. १९४९ साली इस्रायल आणि शेजारी देशांमध्ये शस्त्रसंधी करार झाले, आणि १९५० साली बंच यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. मदतकार्यही थांबले नाही. १९ नोव्हेंबर १९४८ रोजी राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी निधी उभारला, आणि प्रत्यक्ष वाटपाचे काम तीन संस्थांत विभागून दिले. गाझामध्ये अमेरिकन क्वेकर बांधव, लेबनॉन, सीरिया व जॉर्डन येथे रेडक्रॉस संस्थांचा महासंघ, आणि पॅलेस्टाईनच्या उर्वरित भागात आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती अशी ती विभागणी होती. सैनिकांनी युद्धविरामावर लक्ष ठेवायचे आणि सेवकांनी भाकर वाटायची, अशी कामांची स्पष्ट वाटणी येथे दिसते. पुढे १९४९ साली निर्वासितांसाठी राष्ट्रसंघाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

ख्रिस्तसभाही मागे राहिली नाही. परमगुरुस्वामी पायस बारावे यांनी २४ ऑक्टोबर १९४८ रोजी परिपत्रक काढून पवित्र भूमीतील शांतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि निर्वासितांच्या दुःखाकडे जगाचे लक्ष वेधले. १९४९ साली त्यांनी पॅलेस्टाईनसाठी परमगुरुपीठाचे खास मदतकार्य सुरू केले.

बर्नादोत यांच्या मृत्यूतून कायद्याची एक महत्त्वाची बाबही पुढे आली. आपल्या सेवकाला इजा झाल्यास राष्ट्रसंघ स्वतः नुकसानभरपाई मागू शकतो काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. ११ एप्रिल १९४९ रोजी न्यायालयाने होय असे मत दिले. धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या राष्ट्रसंघाच्या सेवकांच्या पाठीशी तेव्हापासून हा आधार उभा आहे.

आपल्यासाठी बोध

भारतीय सैनिकांनीही ही परंपरा पुढे नेली आहे. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांनी १९५३-५४ मध्ये कोरियात भारतीय दलाचे नेतृत्व केले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ या दलाने केला. १९५६ ते १९६७ या काळात गाझामध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतही भारतीय जवान होते.

१९९४ साली ऑस्लो येथे मदतकार्यातील लष्करी साधनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि २००६ साली त्यांत सुधारणा करण्यात आली. अन्य मार्ग उरला नसेल तेव्हाच सैन्याची साधने वापरावीत आणि मदतकार्याची सूत्रे नागरी हातांत राहावीत, असा त्यांचा आशय आहे. ही तत्त्वे लिहिली जाण्यापूर्वीच बर्नादोत यांना त्यांतील बऱ्याच गोष्टी अनुभवातून उमगल्या होत्या. ज्या ठिकाणी त्या पाळल्या गेल्या नाहीत, तेथे नॉयएनगामसारखा प्रसंग घडला.

आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण सैन्यात आहेत. काही कन्या परिचारिका म्हणून दूरदेशी सेवा करीत आहेत. पूर असो वा भूकंप, आपले सेवाभावी कार्यकर्तेही धावून जातात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, दयेला व्यवस्थेची जोड हवी. दयाळू शोमरोनी जखमी माणसाला पाहून कळवळला, पण तेवढ्यावर थांबला नाही. त्याने तेल व द्राक्षारस वापरला, आपले जनावर दिले, उतारशाळेची सोय पाहिली आणि खर्चाचा हिशेबही ठरविला. जखमी माणूस आपल्या जातीचा आहे की नाही हे मात्र त्याने विचारले नाही. मदतीची यादी करताना कोणाचे नाव त्यातून गळते आहे, हे आपणही प्रत्येक वेळी तपासावे.

पवित्र भूमीत आजही शांती नांदत नाही. तेथील सर्व पीडितांसाठी, तसेच त्यांना भाकर पोहोचविताना प्राण गमावलेल्या सेवकांसाठी व सैनिकांसाठी येत्या रविवारच्या मिस्साबलिदानात आपण प्रार्थना करू या. काउंट फोल्के बर्नादोत यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो.